शलमोनाचा सातवा अध्याय

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला कदाचित सांगितलं असतं, पण तो मी अमेरिकेत यायच्या आधीच गेला. मुलाला माहीत नाही. सुनेला तर नाहीच — आणि खरं म्हणजे हे तिच्याच बाबतीतलं आहे. देवाला सांगितलं का? त्याला सगळं माहीत असतं, वेगळं काय सांगायचं, असं म्हणून तिथेही मी गप्प राहिले. फार सोयीचं असतं ते.

मी चौथी शिकलेली बाई. आडवळणं घ्यायची नाहीत असं ठरवून बसले होते. पण मघापासून शेजाऱ्याचं गवत कापायचं मशीन ऐकते आहे आणि मुद्द्याला हात घालत नाही.

तर आधी मी कोण ते सांगते. नगर जिल्ह्यात मी बायबलबाई होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी — ही मिशनची नोकरी. खांद्याला पिशवी अडकवून गावोगाव चालत जायचं आणि बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या. बायका दळत असायच्या, धान्य निवडत असायच्या, पोराला पाजत असायच्या, आणि मी दारात बसून सांगत असे. मला गोष्ट सांगता येते. ही देणगी देवाची, आणि तिच्याबद्दल मी अजून त्याचे आभार मानते, जरी तिचा मी पुढे काय उपयोग केला ते तुम्ही आता ऐकालच.

शलमोन राजाची गोष्ट माझी सगळ्यात चांगली. देव त्याला म्हणाला, काय हवं ते माग. त्याने धन मागितलं नाही, आयुष्य मागितलं नाही, शहाणपण मागितलं. मग त्याने देवाचं मंदिर बांधलं. गंधसरूचं लाकूड, आतून सगळं सोन्याने मढवलेलं, आणि दगड खाणीतच घडवून आणलेले, त्यामुळे बांधताना हातोड्याचा आवाज नाही. इथे मी माझा आवाज इतका खाली आणत असे की जातं फिरवणारी बाई हात थांबवायची. मग शबाची राणी उंटांवरून ते वैभव बघायला यायची, आणि तिथे मी गोष्ट संपवायचे.

गोष्ट तिथे संपत नाही. देवाच्या घराला सात वर्षं लागली आणि स्वतःच्या घराला त्याने तेरा लावली, हे मंदिराच्या सहाव्या अध्यायाला लागूनच, सातव्यात आहे. त्याआधी माणसं वेठीला धरून लाकूड-दगड वाहून घेतले, तेही आहे. आणि म्हातारपणी त्याचं मन देवापासून फिरलं, त्याने आपल्या परदेशी बायकांच्या देवांसाठी टेकड्यांवर पूजेची ठाणी बांधून दिली, हेही आहे. हे मी कधी सांगितलं नाही. माझ्यासमोर बसलेल्या बायकांचे सासरे, नवरे पाटलाच्या वेठीला जाऊन आलेले. त्यांच्यापुढे देवाचा लाडका राजा वेठ धरतो हे कसं सांगायचं? — असं मी स्वतःला म्हणत असे. खरं कारण एवढंच की त्याने गोष्ट बिघडत होती.

माझी सून सुलभा नर्स. आमच्या घरात अमेरिकेला आधी ती आली, मग तिच्या मागे माझा मुलगा मनोहर. तो इंजिनियर आहे, पण घर उभं राहिलं ते तिच्या नाइट ड्यूटीवर, हे मनोहरही मान्य करतो. नवरा गेल्यावर त्यांनी मला प्लेनोला आणलं. ऐंशी सालानंतरची गोष्ट. टेक्ससचं ऊन आपल्याकडच्यासारखंच, पण उन्हात माणूस दिसत नाही. मला गाडी येत नाही, इंग्रजी येत नाही. नातवंडांशी मी मराठीत बोलायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांचंही समाधान व्हायचं नाही. ज्या बाईला वीस गावं 'सलाम, बाई' म्हणत होती तिला इथे कुत्रं घेऊन फिरणारी एक गोरी म्हातारी हात हलवून दाखवायची, बस्स.

मग सभा सुरू झाली. भास्करराव म्हणून एक गृहस्थ, मिरजेकडचे, बांधकामातले इंजिनियर, पेटी वाजवायचे. त्यांनी आजूबाजूची मराठी ख्रिस्ती घरं शोधून काढली आणि सांगितलं की सकाळी सगळे आपापल्या अमेरिकन चर्चला जा, दुपारी मात्र आपल्या भाषेत गाऊ. आमची बैठकीची खोली मोठी, म्हणून सभा आमच्याकडे. सोफा भिंतीला लावायचा, कार्पेटवर चादरी अंथरायच्या, बूट-चपला बाहेर पोर्चवर. शेजारणीने एकदा सुलभाला विचारलं होतं की तुम्ही बूट विकायला काढलेत का. भजन व्हायचं, मी शास्त्रातलं काही सांगायची, मग साक्ष — म्हणजे देवाने आठवड्यात काय केलं ते ज्याला सांगायचं त्याने उठून सांगायचं — आणि शेवटी जेवण. त्या चादरींवर बसून मी पहिल्यांदा या देशात मोकळा श्वास घेतला. त्याबद्दल मी भास्कररावांचे, सुलभाचे, त्या प्रत्येक माणसाचे उपकार मानते. ते पुरेसं होतं, हे मला आज कळतं.

तेव्हा कळलं नाही. का नाही? कारण सगळे म्हणायचे, 'सुलभाताईंकडची सभा.' खोली सुलभाची, चादरी सुलभाच्या, चहा सुलभाचा. मी बोलायची तेव्हा लोक डोळे पुसायचे, आणि निघताना तिला म्हणायचे, 'ताई, तुमच्यामुळे.' मला ते टोचायचं. सांगायला लाज वाटते, पण टोचायचं. नाइट ड्यूटी करून आलेली सून पंचवीस माणसांचं जेवण रांधते आणि सासूला हेवा वाटतो — असं असू शकतं. माझं होतं.

मग मी चर्च बांधायचं काढलं. दगडी, घंटेच्या मनोऱ्याचं, आमच्या मिशनच्या चर्चसारखं. त्या चर्चमध्ये बायबलबाईला वर, पाळकांच्या जागी उभं राहून बोलायची परवानगी नव्हती. आम्ही खाली, बायकांच्या रांगेत. इथे मी वर उभी राहणार होते. कोनशिला कुठे बसवायची, तिच्यावर माझं नाव किती मोठं, हे सगळं मी मनात ठरवून टाकलं होतं. लोकांना मी सांगत होते, 'प्रभूचं घर.' सभेत दर रविवारी शलमोनाचं मंदिर रंगवत होते.

भास्करराव हसायचे. एकदा जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "मावशी, तुमचा शलमोन सहाव्या अध्यायातच थांबतो. सातव्यात कधी जायचं?"

सगळे हसले. मीही हसले. "तुम्ही पेटी वाजवा," म्हटलं, "अध्याय मी बघते."

"नाही, सातव्यात त्याचं स्वतःचं घर आहे, म्हणून विचारलं."

त्यांना काही टोमणा मारायचा नव्हता, ते थट्टेखोरच आहेत. पण मला वाटलं की या माणसाला माझ्या मनातली कोनशिला दिसली.

ते बांधकामाचे जाणकार. त्यांचं मत सरळ होतं: आपण एवढीशी माणसं, निम्मी नोकरी बदलली की दुसऱ्या गावी जाणार, घर पुरतं आहे, बांधायची घाई नको. त्यांनी ठरवलं की नाताळच्या आधी एका रविवारी सगळ्या घरांनी आपलं मत सांगायचं आणि जास्त लोक म्हणतील तसं करायचं. मला दिसत होतं की मत घेतलं तर माझं चर्च तिथेच संपणार. सुलभासुद्धा म्हणाली होती, "आई, पुढच्या वर्षी बघू ना. या नाताळात मला माझ्या आईकडे जायचंय."

तिची आई कोल्हापूरकडे एकटी राहायची. दम्याने बेजार. सुलभाने तिला पाहिलं नव्हतं त्याला बरीच वर्षं झाली होती. कधी पोरं लहान, कधी रजा नाही, कधी मी आले म्हणून. या वेळी तिने तिकीट काढलं होतं, रजा मंजूर करून घेतली होती, आणि मोठी बॅग बाहेर पॅसेजमध्ये उघडी ठेवली होती. येता-जाता एकेक वस्तू त्यात टाकायची. आईसाठी लोकरीचं स्वेटर, थर्मास, पायमोजे.

मत घ्यायच्या त्या रविवारी माझ्या खोलीतून बैठकीत जाताना मी त्या बॅगेला वळसा घालून गेले. हे मुद्दाम लिहिते आहे. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

साक्षीची वेळ झाली. मी उठले. आणि म्हणाले — की आज पहाटे मी गुडघ्यांवर होते तेव्हा प्रभूने मला दर्शन दिलं. एक मोकळी जमीन दाखवली, तिच्यावर पांढरं घर, आणि आवाज आला की उशीर करू नका. आवाज खाली आणला. तुम्हाला सांगितलंच की मला तो आणता येतो.

मला काही दिसलं नव्हतं. पहाटे मी गुडघ्यांवर होते हे खरं, पण भास्कररावांना कसं गप्प करायचं याचाच विचार करत होते. दर्शन मी तिथेच, चादरीवर बसल्या-बसल्या, तिसऱ्या गीताच्या वेळी तयार केलं.

आमच्या लोकांत एक गोष्ट आहे, ती बाहेरच्याला कळायची नाही. म्हाताऱ्या बायबलबाईने 'प्रभूने दाखवलं' म्हटलं की मंडळी 'आमेन' म्हणते. आणि एकदा आमेन म्हटलं की मतं घ्यायची राहत नाहीत. कोण म्हणणार, देवाला थोडं थांबायला सांगा? सगळे आमेन म्हणाले. भास्करराव सगळ्यांत शेवटी म्हणाले. मग म्हणाले, "मावशी, तुम्हाला दाखवलं असेल तर मी कोण बोलणारा?" आणि पुढच्या शनिवारी मोजपट्टी घेऊन ते जमीन बघायला निघाले, प्लेनोच्या पलीकडे फ्रिस्को गावाच्या बाजूला, तेव्हा तिकडे नुसती शेतं होती. एकदा मान्य केल्यावर त्या माणसाने माझ्यापेक्षा जास्त घाम गाळला.

त्याच सभेत मनोहर उठून म्हणाला की वर्गणीची सुरुवात आमच्या घरापासून. सुलभाने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली. सोमवारी स्वयंपाकघरात उभं राहून तिने फोनवर तिकीट कॅन्सल केलं. रजा परत दिली, उलट जादा शिफ्ट घेतल्या. बॅग रिकामी करून गॅरेजमध्ये नेली. मला म्हणाली, "आई, उन्हाळ्यात जाते. तोवर तिला बरंही वाटेल."

मी काय म्हणाले? म्हणाले, 'देव तुला भरून देईल.'

पाया घातला तो हिवाळा मला नीट आठवतो, कारण तेव्हा माझी प्रार्थना बंद पडली. सभेत मी पूर्वीपेक्षा छान बोलत होते. घरी मात्र डोळे मिटले की मनोऱ्याची उंची दिसायची. जेवणाआधीचे दोन शब्द म्हणताना मध्येच विसरायची. माझा देव एकच होता, शलमोनासारखे बायकांचे सतरा देव नव्हते. पण त्या एकाच्या जागेवर मी हळूहळू स्वतः बसत होते, आणि वेठीला माणसं लागतातच. माझ्या वेठीला सुलभा होती. दुपारी सहा तास झोप, मग जमिनीवर काम करणाऱ्यांसाठी डबे, मग ड्यूटी.

फेब्रुवारीत एका सकाळी ती ड्यूटीवरून आली आणि फोन वाजला. तिच्या भावाचा होता. आई गेली होती. दोन दिवस आधीच गेली होती, लाइन मिळत नव्हती म्हणून कळवायला उशीर झाला. सुलभा ड्यूटीचे पांढरे बूट न काढताच खुर्चीत बसली. मनोहर कामावर, मुलं शाळेत. घरात आम्ही दोघीच.

मग ती म्हणाली, "आई, भाऊ सांगत होता, शेवटी सारखी विचारायची, सुलभा कधी येते."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्हाला खरंच दाखवलं होतं ना प्रभूने? तसं असेल तर मला काही वाटणार नाही. मग मी त्याच्यासाठीच थांबले, एवढंच."

आता बघा. पहिलं खोटं मी हावेपोटी बोलले होते. ते सुधारायला देवाने ही वेळ माझ्यापुढे आणून ठेवली होती. समोर एकच माणूस, एकच प्रश्न, आणि प्रश्नात ओरडा नाही, संशयसुद्धा नाही.

मी म्हणाले, "हो."

तिने मान हलवली. उठून बूट काढले, तोंड धुतलं, आणि माझ्यासाठीसुद्धा चहा ठेवला.

माझ्या जागी दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, तिच्या दुःखावर फुंकर घालायला तसं बोलले. मला ते म्हणता येत नाही. त्या क्षणी मला तिच्या दुःखाची नाही, माझीच काळजी होती. 'नाही' म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत मनोहरला कळलं असतं, रविवारपर्यंत सभेला.

चर्चचं पुढे काय झालं ते इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे. काँक्रीटचा पाया झाला, आणि तेलाचे भाव पडले. टेक्ससमध्ये नोकऱ्या जायला लागल्या. आमच्यातली कितीतरी घरं गाडीला ट्रेलर लावून कॅलिफोर्नियाला गेली, तिकडे कॉम्प्युटरची कामं निघत होती. अगदी भास्करराव म्हणाले होते तसं. जमीन सोडावी लागली. तो पाया काही दिवस तसाच उघडा होता. मनोहर एकदा मला तिकडे ड्राइव्ह करून घेऊन गेला, मी गाडीतून उतरले नाही.

भास्करराव एका शब्दाने बोलले नाहीत. मी वाट बघत होते, बोलले असते तर बरं झालं असतं. एक दिवस फोन करून एवढंच म्हणाले, "मावशी, पेटी माझ्याकडे आहे. रविवारी तुमच्याकडेच आणू ना?" मी हो म्हटलं आणि फोन ठेवून रडले. मी रडणारी बाई नाही. सोफा पुन्हा भिंतीला लागला. चादरी पुन्हा आल्या, आता दोनच लागतात.

तेलाच्या त्या पडलेल्या भावाबद्दल मी देवाचे रोज आभार मानते. लोकांच्या नोकऱ्या गेल्या त्याबद्दल नाही, नीट समजून घ्या. माझा मनोरा उभा राहिला नाही त्याबद्दल. शलमोनाचं सगळं बांधून पुरं झालं, हीच त्याची गोची झाली असं मला आता वाटतं. त्याला थांबवायला कोणी नव्हतं. मला थांबवलं. मी त्या वरच्या जागी उभी राहिले असते तर आज हे लिहीत नसते, कोनशिलेवरची धूळ पुसत असते.

गेल्या वर्षी मी सभेत पहिल्यांदा शलमोनाची पूर्ण गोष्ट सांगितली. वेठ सांगितली, तेरा वर्षांचं घर सांगितलं, टेकड्यांवरची ठाणीसुद्धा. भास्करराव पेटीवर हात ठेवून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "आलात सातव्यात." सगळ्यांना वाटलं मी फार चांगलं सांगितलं. मी मात्र त्या मेलेल्या राजाच्या पाठीमागे लपले होते. त्याचं पाप सगळं सांगितलं, माझं एकही नाही.

त्यानंतर मी पडले, कंबरेचं हाड मोडलं. सुलभाने हॉस्पिटलमधून ऑफ घेतला आणि मला उचललं, धुतलं, जेवू घातलं. परक्याची नर्स असते तशी नाही, लेकीसारखी. रोज सकाळी माझे केस विंचरताना ती स्वतःशी काहीतरी गुणगुणत असते. एकदा विचारलं, कुठलं गीत हे? म्हणाली, "माझी आई म्हणायची दळताना. पुढचं मला येत नाही. विचारायचं राहिलं."

त्या दिवसापासून हे लिहायचं मनात आहे.

या बाईच्या घरात मी राहते. तिने दिलेल्या खोलीत, तिने धुतलेल्या चादरीवर झोपते. तिच्यामुळे मला सभा मिळाली, तिच्यामुळे मी पुन्हा चालते आहे. इतक्या माणसांचे उपकार मोजायला बसले तर सगळ्यांत वर तिचं नाव येतं, आणि तिलाच मी लुबाडलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एकीने दुसरी पुसली जात नाही. माझं वय झालं होतं, देश परका होता, मी एकटी होते — हे सगळं होतं, पण बॅगेला वळसा घालणारे पाय माझेच होते.

सभेच्या वार्षिक अंकासाठी आमच्याकडून जुन्या आठवणी मागितल्या आहेत. हीच माझी आठवण, जशी आहे तशी छापा. पण त्याआधी आज दुपारी ती उठली की मी तिला हे सगळं वाचून दाखवणार आहे. तिने काय म्हणावं, मला घरात ठेवावं की नाही, हे तिचं ती बघेल. मी काही मागणार नाही.

सुलभा, मला काही दाखवलं नव्हतं. देवाने तुला थांबवलं नाही, मी थांबवलं. तुझी आई तुझी वाट बघत होती, आणि तुला जाता आलं असतं.